कागद एक, अर्थ अनेक

कोर्टाचा कागद हाती पडला की माणूस आधी घाबरतो आणि मग वाचतो. अमेरिकेत ज्याच्यावर हद्दपारीची कारवाई सुरू होते, त्याला 'हजर राहण्याची नोटीस' मिळते. तीत आरोप, कायद्याची कलमे आणि सुनावणीची वेळ व स्थळ असावे, असे १९९६ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेक वर्षे वेळेच्या रकान्यात 'मागाहून कळवू' एवढेच लिहिले जाई.

ही बाब क्षुल्लक नव्हे. दहा वर्षांचे सलग वास्तव्य असल्यास, इतर अटींसह, हद्दपारी रद्द करण्याची मागणी करता येते. नोटीस मिळताच मात्र ही मोजणी थांबते. अपुऱ्या नोटिशीने ती थांबत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. २०२१ मध्ये माहिती दोन कागदांत वाटून देणेही अमान्य ठरले. कायद्यात 'एक' नोटीस म्हटले आहे, हा त्या निर्णयाचा एक प्रमुख आधार होता!

परंतु २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने दुसरी बाजू दाखविली. पहिली नोटीस अपुरी असली, तरी पुढे तारखेचा कागद दिला गेला असेल, तर केवळ त्या उणिवेवर बोट ठेवून गैरहजरीत झालेला हद्दपारीचा आदेश रद्द होत नाही.

सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क या कारवाईत नाही. पत्ता बदलल्यास पाच दिवसांत कोर्टाला कळवावे लागते. व्यवहारात एकाच पक्षाला माहिती असणे, हा अर्थशास्त्र दोष मानते. येथे त्याची किंमत माणूस आपल्या संसाराने चुकवितो.