बिऱ्हाड हलवितांना

परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुट्टी लागली, कीं बारामतीच्या रस्त्यांवर कपाटें, गाद्या, पाटा-वरवंटा आणि दोरीनें बांधलेल्या सायकली यांनीं भरलेले टेंपो दिसूं लागतात. कोणाची बदली झालेली असते. कोणाला औद्योगिक वसाहतींत काम मिळालेलें असतें. कोणी इंदापूर तालुक्यांतील आपलें शेत वाट्यानें लावून केवळ मुलांच्या शिक्षणासाठीं शहर जवळ केलेलें असतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें म्हणतात. पण विंचवाला पोरांचें नांव शाळेंत घालावें लागत नाहीं, कीं गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाची गांठ घ्यावी लागत नाहीं. माणसाचें बिऱ्हाड ह्या दोन गोष्टींपाशीं अडतें.

नवें घर पाहावयास बहुधा एकच माणूस जातो, आणि तो म्हणजे ज्याची नोकरी बदलली तो. तो भाडें विचारतो, कचेरी किती लांब आहे तें पाहतो, हवा-उजेड बरा वाटला कीं विसार देऊन परततो. पुढें दिवसाचे दहा तास तो त्या घराबाहेर असतो. ज्यांना त्या आळींत दिवस काढावयाचा, पाणी भरावयाचें, शाळेची वाट चालावयाची, त्यांचें मत सामान उतरल्यावर कळतें. घराची निवड चुकते ती पुष्कळदां एवढ्याच कारणानें.

प्रथम पाणी. बारामती व इंदापूर हे तालुके नकाशावर शेजारीं असले, तरी पाण्यानें त्यांचे निराळे निराळे मुलूख करून टाकिले आहेत. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला. त्याला पाणी पुरविणारें भाटघरचें मोठें धरण १९२८ सालीं पुरें झालें. कालव्याखालचा पट्टा बागायती झाला, ऊंस आला, कारखाने आले. मोरगांव-सुप्याकडील भाग मात्र आभाळाकडे डोळे लावून बसणारा जिराईतच राहिला. इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेला १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा पसरला, आणि भिगवणच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरूं लागले. तेव्हां 'तालुका पाण्याचा आहे' ह्या उत्तरावर कोणीं समाधान मानूं नये. बारामती शहराचे साठवण तलाव कालव्याच्या आवर्तनावर भरतात. आवर्तन लांबलें, कीं नळाची वेळ बदलते. पाणी दिवसाआड येतें कीं रोज, पहाटे चारला येतें कीं दुपारीं, हें घरमालकास विचारण्यापेक्षां शेजारणीस विचारावें. घर पाहावयाचें तें श्रावणांत नव्हे, वैशाखांत पाहावें.

जागा घेऊन बांधणाऱ्यानें आणखी एक गोष्ट पाहावी, ती पायाखालची. गोल्डस्मिड व विंगेट ह्या अधिकाऱ्यांनीं मातीचे वर्ग पाडून सारा आकारण्याची जी पद्धत घातली, व जी पुढें मुंबई इलाख्यांत पसरली, तिचा आरंभ १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांतच झाला. ज्या मुलखाच्या मातीची अशी पारख होऊन गेली, तेथेंच आज प्लॉट घेणारा मनुष्य मातीकडे न पाहतां रस्त्याच्या रुंदीकडे पाहतो, हें नवल आहे. खोल काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाहीं, तर भिंतीही तिच्याबरोबर भेगाळतात. कालव्याखालीं अतोनात पाणी पिऊन चोपण झालेल्या जमिनीवर भिंतींना लोणा लागतो, तो वेगळाच. नीरेच्या खोऱ्यांतील ह्या खारवट जमिनींवर हॅरोल्ड मान व ताम्हणे यांनीं १९१० सालींच लिहून ठेविलें आहे. दोन कुदळी मारून पाहण्यास फार वेळ लागत नाहीं. रेखांकन मंजूर आहे कीं नाहीं, हें नगरपालिकेंत वा तालुक्याच्या कचेरींत विचारण्यास त्याहूनही कमी लागतो.

शेजार म्हणजे काय, ह्याचे दोन नमुने इंदापूर तालुक्यानें फार पूर्वींच दाखविले आहेत. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत नीरेकाठीं कळंबजवळ साखर कारखाना काढला व त्याभोवतीं वालचंदनगर वसविलें. अशा कारखान्याच्या वसाहतींत रस्ता, शाळा, दवाखाना आयता मिळतो. पण घर नोकरीबरोबर येतें आणि नोकरीबरोबर जातें. तेथें राहणाऱ्यानें निवृत्तीच्या आदल्या वर्षीं नव्हे, मुलगा आठवींत असतांनाच पुढच्या घराचा विचार केलेला बरा. दुसरा नमुना पळसदेवचा. उजनीच्या पाण्याखालीं जुनें गांव गेलें आणि गांवकरी हमरस्त्याकडे सरकले. पाणी फार उतरलें, कीं जुनें पळसनाथाचें देऊळ वर येतें व लोक तें पाहावयास जातात. ह्या माणसांनीं बिऱ्हाड हलविलें नाहीं. तें त्यांचेकडून हलविलें गेलें. अशा धरणग्रस्तांसाठीं महाराष्ट्रानें १९७६ सालीं पुनर्वसनाचा कायदा केला. पुढें १९८६ व १९९९ सालीं नवे कायदे झाले. नव्या गांवठाणांत पिण्याचें पाणी, शाळा, अंतर्गत रस्ते, स्मशानभूमि अशा नागरी सुविधा असाव्यात, असें त्यांत सांगितलें आहे. प्रत्यक्षांत त्या किती मिळाल्या, हा वेगळा व कडू विषय आहे. तरी आपल्या खुशीनें घर बदलणाऱ्यानें तीच यादी हातांत धरून नवी आळी एकदां हिंडून यावी. स्मशानाचें नांव यादींत पाहून कोणी दचकूं नये. शेवटीं तेंही लागतें.

शाळेचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे, कारण घर बदलतां येतें, मुलाचें गेलेलें वर्ष परत येत नाहीं. बारामतीकडे ओढा असतो तो तेथील विद्यालयांमुळें. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ ची, आणि २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ह्या नांवांच्या जोरावर घराचीं भाडीं चढतात. परंतु दुसरींतल्या मुलास वैद्यकीय महाविद्यालयाच्या शेजाराचा कांहीं उपयोग नाहीं. त्याला हवी असते चालत जातां येईल अशी शाळा, आणि त्या वाटेवर न घाबरतां चालण्याची सोय.

ती वाट पालकांनीं शाळेच्या वेळीं स्वतः चालून पाहावी, आणि शक्य तर दिवाळीनंतर पाहावी. दिवाळीपासून होळीपर्यंत माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर ह्या कारखान्यांकडे उंसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत जातात. उंसाचीं टोकें दोन्हीं बाजूंस बाहेर आलेलीं असतात, मागें दिवा क्वचितच असतो, आणि चालकाजवळचें गाणें एवढें मोठें असतें, कीं सायकलवरील मुलाची घंटी त्याला ऐकूं येत नाहीं. उन्हाळ्यांत निर्मनुष्य वाटणारा रस्ता पौषांत असा असतो. पुणें-सोलापूर हमरस्त्याच्या एका अंगाला घर व दुसऱ्या अंगाला शाळा असली, तर अंतर केवळ फर्लांगभर आहे म्हणून उपयोग नाहीं. ह्या एका रस्त्यापायीं मुलींची शाळा लवकर सुटते, हें खेड्यांतील कोणीही सांगेल. मुलगी सातवी-आठवींत असेल, तर पुढील वर्गांसाठीं एस्. टी.ची गाडी कोणत्या वेळीं येते व परत केव्हां जाते, हें घर ठरविण्यापूर्वीं पाहावें.

कायदा ह्या बाबतींत पालकांच्या बाजूचा आहे. मात्र तो त्यांना ठाऊक असावा लागतो. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास त्यानें आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शाळा सोडल्याचा दाखला यावयास उशीर झाला, एवढ्या कारणानें नवी शाळा मुलास नाकारूं शकत नाहीं. वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलासही नाकारूं शकत नाहीं. देणगी मागणें किंवा प्रवेशासाठीं मुलाची अथवा आईबापांची चाळणी परीक्षा घेणें हा गुन्हा आहे. परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांनीं हेंही ध्यानांत घ्यावें, कीं २०२० च्या कायद्यान्वयें महाराष्ट्रांतील सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी शिकावें लागतें. आठवीनंतर हें संरक्षण विरळ होतें. म्हणून नववींत व त्याहून दहावींत शाळा बदलण्याची वेळ आली, तर बापानें एक वर्ष एकट्यानें खोली घेऊन राहावें आणि कुटुंब मागें ठेवावें, हा जुना रिवाज अजूनही शहाणपणाचा आहे.

घराचा कागद आणि शाळेचा प्रवेश यांचा संबंध कित्येकांस उशिरां कळतो. खाजगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांसाठीं अर्ज करतांना घरापासून शाळेचें अंतर मोजलें जातें, आणि भाडेकरूस आपला पत्ता नोंदणीकृत भाडेकरारानें सिद्ध करावा लागतो. अकरा महिन्यांचा करार साध्या मुद्रांकावर उरकून घेतला, तर थोडे पैसे वाचतात व पोराची जागा जाते. भाडेनियंत्रणाच्या १९९९ च्या कायद्यानें करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर टाकिली आहे. तसा तो नोंदविला नाहीं आणि वाद उपस्थित झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. तेव्हां नोंदणीचा आग्रह धरण्यांत भाडेकरूनें संकोच करण्याचें कारण नाहीं.

आतां संस्थेच्या नियमांविषयीं. सहकारी गृहनिर्माण ही मुंबईकरांची जुनी खटपट. गांवदेवीची सारस्वत संस्था १९१५ ची. आज अशा संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालीं चालतात, आणि प्रत्येकीची उपविधींची पोथी असते. घर घेणारा करारपत्र वकिलाकडून वाचून घेतो, ही पोथी मात्र उघडीतही नाहीं. आणि भांडणें होतात तीं सारीं हिच्यावरून. सेवाशुल्क सर्व सदनिकांस सारखें, पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधीला बांधकामखर्चाचा दरसाल निदान पाऊण टक्का व सिंकिंग फंडाला पाव टक्का, असा आदर्श उपविधींचा हिशेब आहे. घर भाड्यानें दिल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेतां येत नाहीं. हस्तांतराच्या वेळचें अधिमूल्य महानगरांतही पंचवीस हजारांहून अधिक नसावें, आणि नगरपालिका व ग्रामपंचायतींच्या हद्दींत त्याची मर्यादा वर्गवारीनें आणखी खालीं आहे. 'इमारत निधी', 'ऐच्छिक देणगी' अशा गोंडस नांवांनीं याहून जास्त मागणी झाली, तर ती लेखी मागावी; लेखी मागितली, कीं ती पुष्कळदां विरघळते. सभासदत्वाच्या अर्जाचा निर्णय तीन महिन्यांत कळविला नाहीं, तर अर्जदार सभासद झाला असें कायदा मानतो. लहान शहरांत मात्र पहिला प्रश्न निराळाच असतो: इमारत उभी राहिली, पण संस्था नोंदली गेली आहे काय, आणि खालची जमीन कोणाच्या नांवावर आहे? तीं उत्तरें मिळेपर्यंत विसार देऊं नये. गेल्या वार्षिक सभेचें इतिवृत्त व हिशेबतपासनिसाचा अहवाल मागून वाचावा. लिफ्ट किती दिवस बंद होती, हें त्यांत न लिहितांही कळून येतें.

न लिहिलेले नियम अधिक जाचक असतात. विशिष्ट आहाराच्या, विशिष्ट जातीच्या कुटुंबासच जागा, एकट्या बाईस नाहीं, लहान मुलें असलेल्यास नाहीं, हें कोणी पाटीवर लिहितो, कोणी आडनांव विचारून सुचवितो. योग्य कारणावांचून कोणासही सभासदत्व नाकारूं नये, असें महाराष्ट्राचा कायदा सांगतो. तथापि अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेनें आपल्या समाजापुरतें सभासदत्व ठेवणारा उपविधि केला होता, तो सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं ग्राह्य धरला, हेंही सांगावयास हवें. भाडेकरू तर संस्थेचा सभासदच नव्हे. त्याला ह्या कलमांची ढाल मिळत नाहीं, आणि नकाराचा घाव बहुधा त्यालाच बसतो. अशा वेळीं आधींच स्पष्ट विचारून मोकळें होण्यांत निदान सामान उतरवून पुन्हां चढविण्याचा अपमान टळतो.

ह्या सर्व चर्चेच्या बाहेर राहणारीं कुटुंबें ह्याच दोन तालुक्यांत दरवर्षीं येतात. बीड, अहिल्यानगरकडील ऊंसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या आवारांत व शेतांच्या बांधांवर कोपी घालतात. त्यांना शेजार निवडावयाचा नसतो. तो मुकादम ठरवितो. वर्षांतून दोनदां बिऱ्हाड हलतें, आणि पोराचें नांव एका शाळेंत असतें, पोर दुसऱ्या गांवीं असतें. कोयत्यावर आईबाप गेले, कीं मोठी बहीण धाकट्याला सांभाळीत कोपीपाशीं बसते. तिची शाळा सुटते ती अशी. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हें पाहणें स्थानिक संस्थेचें कर्तव्य आहे, असें २००९ च्या कायद्यांत स्पष्ट आहे. आजीआजोबांकडे मूल राहणार असेल, तर मूळ गांवीं हंगामी वसतिगृहाची सोय असते. बरोबर यावयाचें असेल, तर शाळेंतून शिक्षण हमी कार्ड घेऊन निघावयाचें असतें, म्हणजे जवळच्या शाळेंत त्याला त्याच्या वर्गांत बसवितात. फाल्गुनांत गाळप संपून टोळ्या परतूं लागतात, तेव्हां इकडल्या शाळेंतील हजेरीची नोंद त्याच कार्डावर करून घ्यावी लागते. तें कार्ड मुकादमाजवळच्या कागदांत नव्हे, आईच्या पिशवींत असलें पाहिजे.