पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाळाला घरी नेऊ नका

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या घरी मागच्या वर्षी बाळ झालं. तिसऱ्या दिवशी ते दूध ओढेना, हातपाय गार पडले. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, रक्त तपासलं. सीआरपी नॉर्मल. घरची माणसं म्हणाली, "रिपोर्ट चांगला आहे, मग पेटीचा खर्च कशाला?" सही करून बाळाला न्यायची तयारीही झाली. नानी अडून बसली म्हणून एक दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी तीच तपासणी पुन्हा केली, तेव्हा आकडा बराच वाढलेला होता. बाळ आज ठणठणीत आहे. पण पहिला रिपोर्ट चुकीचा होता का, असं त्यांनी आम्हाला विचारलं. चुकीचा नव्हता, लवकर काढलेला होता.

जंतुसंसर्ग रक्तात पसरतो आणि त्याच्याशी लढताना शरीराचेच अवयव धोक्यात येतात, त्याला सेप्सिस म्हणतात. पहिल्या २८ दिवसांत बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती कच्ची असते. आईच्या प्रतिपिंडांचा मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून बाळाला मिळतो. म्हणून दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी तोकडीच असते.

आता रक्तात काय घडतं ते पाहू. जंतू शिरले की रोगप्रतिकारक पेशी आधी इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप सोडतात. तो लवकर वाढतो आणि साधारण दिवसभरात उतरतोही. हा निरोप मिळाल्यावर यकृत सीआरपी हे प्रथिन बनवू लागतं. ते रक्तात वाढलेलं दिसायला १० ते १२ तास लागतात आणि सर्वात वर जायला दीड-दोन दिवस. म्हणून डॉक्टर २४ तासांनी पुन्हा रक्त मागतात.

प्रोकॅल्सिटोनिन ही दुसरी खूण दोन ते चार तासांतच वाढू लागते. पण जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ती निरोगी बाळातही वाढलेली असते. त्यामुळे बाळ किती तासांचं आहे हे पाहूनच तिचा आकडा वाचतात. पांढऱ्या पेशींचंही तसंच. मोठ्या माणसात त्या वाढल्या की आपण घाबरतो, नवजात बाळात त्या फार कमी होणं जास्त काळजीचं.

पक्का पुरावा ब्लड कल्चरचा. त्याला एक-दोन दिवस किंवा जास्तही लागतात, आणि बाळाचं रक्त थोडंच घेता येत असल्याने कधीकधी जंतू सापडतही नाहीत. तोवर वाट पाहणं परवडत नाही, म्हणून अँटिबायोटिक आधीच सुरू करतात. पुढे कल्चरमध्ये काही निघालं नाही, सीआरपी पुन्हा नॉर्मल आलं आणि बाळही बरं दिसलं, तर औषध लवकर थांबवता येतं. म्हणजे दुसऱ्या तपासणीने नको असलेलं औषधही टळतं. दिल्लीच्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात नवजात बाळांमधले बरेच जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नसल्याचं दिसलं होतं. तेव्हा हा फायदा छोटा नाही.

मात्र रक्त तपासण्याआधीची पहिली तपासणी आईची आणि नानी-दादीची नजर. बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, अंग गार किंवा तापलेलं आहे, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आहे, छाती आत ओढली जाते, झटके येतात, बेंबीभोवती लाली किंवा पू आहे, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघा. ताप नाही म्हणून थांबू नका.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना अशा खुणा ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं, आणि तिथले बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळ उघडून दाखवा. अकीक्याला पाहुणे आले तर आधी हात धुवायला सांगा, मगच बाळ हातात द्या. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि तपासण्या मोफत आहेत.

आणि रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: लक्षणं दिसल्यावर किती तासांनी हे रक्त घेतलं? पुढची तपासणी कधी?