साथ धाडणारा देव, साथ थोपवणारा देव

ग्रीकांच्या देवांना नुसतं नाव पुरत नसे, उपाधी लागे. झ्यूस एकच, पण पाहुण्यांचा झ्यूस वेगळा, शपथेचा वेगळा. आज आपण 'अलेक्सिकाकोस' ही उपाधी पाहू. 'काकोस' म्हणजे वाईट. ते परतवून लावणारा, तो अलेक्सिकाकोस. अरिष्टनिवारक म्हणा हवं तर.

हेराक्लीसला, म्हणजे आपल्या ओळखीच्या हर्क्युलिसला, ही उपाधी मिळाली यात नवल नाही. ज्यानं भयंकर श्वापदं लोळवली, त्याला दाराशी राखणीला ठेवावं, इतकं सरळ. 'इथे हेराक्लीस राहतो, वाईटानं आत येऊ नये' अशा अर्थाचा मजकूर लोक दारावर लिहीत. एका दुर्गुणी माणसाच्या दारावर वाईटाला अशीच मनाई केलेली पाहून डायोजेनीसनं विचारलं म्हणे, मग घरमालक आत कसा जातो?

अपोलोचं कोडं मात्र अवघड आहे. अथेन्सच्या आगोरात, म्हणजे भर बाजारचौकात, त्याच्या देवळापुढे अलेक्सिकाकोस अपोलोची मूर्ती होती. पेलोपोनेशियन युद्धातली साथ त्याच्या कौलामुळे थांबली म्हणून हे नाव पडलं, असं पौसानियसनं ऐकलं होतं. ती साथ इ.स.पू. 430 ची. थ्युसिडिडीसला स्वतःला ती झाली होती आणि तो वेगळंच सांगतो: गाऱ्हाणी, कौल, कशाचाच उपयोग होईना, शेवटी लोकांनी नाद सोडला. शिवाय अपोलोनं मदतीचं वचन दिलं होतं ते स्पार्टाला, हेही त्यांना आठवलं! 'इलियड'च्या पहिल्याच सर्गात ग्रीकांच्या छावणीवर बाणांनी साथ पाडणारा अपोलोच, आणि पुजाऱ्याची मुलगी परत केल्यावर ती आवरणाराही तोच.

आपल्याला ही विसंगती वाटते. आम्हाला विचाराल तर भक्ताच्या बाजूनं ती नाही. बाण ज्याच्या हाती, त्यालाच विनवायचं.

प्लेटोला हे खपलं नाही. 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात तो म्हणतो, देव चांगला, तेव्हा तो वाईटाचं कारण असूच शकत नाही. देव निर्दोष सुटला खरा, पण मग साथ आल्यावर कुणाला आवरायला सांगायचं?

गंमत अशी की म्हातारपणी लिहिलेल्या 'लॉज'मध्ये हे अरिष्टनिवारक देव पुन्हा येतात. देऊळ लुटायची वासना ज्याला छळते, त्याला तिथे सांगितलंय: या देवांच्या ठाण्यांवर शरण जा, भल्या माणसांच्या संगतीत राहा. आणि तरीही वासना हटली नाही तर? मरण बरं समज आणि जीवनाचा निरोप घे.