विमान चुकलं, तर सगळे पैसे बुडतात का?

रत्नागिरीहून मुंबईचं विमान गाठायचं म्हणजे आधी सुमारे ३३० किलोमीटरचा रस्ता. पावसाळ्यात चिपळूणजवळच्या परशुराम घाटात दरड कोसळली, की विमान चुकलंच. उडालेल्या विमानातली रिकामी सीट पाऊस लागलेल्या हापूससारखी. तिला पुन्हा गिऱ्हाईक नाही. म्हणून विमान कंपनी मूळ भाडं ठेवून घेऊ शकते. पण सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावंच लागतं, अगदी सवलतीच्या तिकिटावरही. हा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. हे पैसे हक्काने मागा. एकाच पीएनआरवर, म्हणजे बुकिंग क्रमांकावर, पुढचं किंवा परतीचं विमान असेल, तर तेही रद्द होऊ शकतं. म्हणून चिपळूणला अडकलात, तर कंपनीने दिलेली मुदत संपण्याआधी तिथूनच मोबाइलवर तिकीट रद्द करा किंवा तारीख बदला.