एक ट्रॅक इथला, एक तिथला

लेनी ट्रिस्टानो या अंध पियानोवादकाची तबकडी 1956 मध्ये अटलांटिक कंपनीने बाजारात आणली आणि जॅझच्या जाणकारांत गहजब उडाला. तबकडीतल्या दोन रचनांत पीटर इंडचा बेस आणि जेफ मॉर्टनचे ड्रम्स आधीच टेपवर मुद्रित झाले होते. न्यूयॉर्कच्या ईस्ट थर्टी-सेकंड स्ट्रीटवरच्या आपल्या स्टुडिओत ट्रिस्टानोने ती टेप लावली, तिच्यावर पियानो वाजवला आणि वर टेपचा वेगही बदलला. समीक्षकांना ही चक्क लबाडी वाटली. जॅझ म्हणजे एका खोलीत, एका वेळी, एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत वाजवायची चीज. टेपबरोबर कसली आलीय जुगलबंदी? गंमत म्हणजे त्याच तबकडीत ली कोनिट्झबरोबर एका रेस्टॉरंटमध्ये, श्रोत्यांसमोर रंगलेली मैफलही होती. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

आज त्याच रीतीने बनलेल्या जॅझला ग्रॅमी मिळतं. ठेका एका शहरात मुद्रित होतो, गळा दुसऱ्या शहरात, गिटार तिसऱ्या देशात. मधल्या सत्तर वर्षांचा मागोवा घेतला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. संगीतकारांनी अंतर फार लवकर कापलं. वेळ मात्र त्यांना अजूनही कापता आलेली नाही. आणि ज्यांनी ही अडचण निमूटपणे मान्य केली, त्यांच्याच रचना ऐकण्यासारख्या झाल्या.

सुरुवात ट्रिस्टानोपासून झाली असंही नाही. सिडनी बेशेने 1941 मध्येच क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बेस आणि ड्रम्स असं सगळं एकट्याने, एकावर एक चढवून ‘द शेख ऑफ अरबी’ मुद्रित केलं होतं. पण तो एकट्याचा खेळ. दोघांनी दोन ठिकाणी बसून नवी रचना करायची, याचं जुनं आणि सर्वात लोभस उदाहरण ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांचं. 1938 मध्ये पिट्सबर्गला भेटलेली ही जोडी 1967 मध्ये स्ट्रेहॉर्नच्या मृत्यूपर्यंत टिकली. एलिंग्टन वर्षाचे बारा महिने दौऱ्यावर, स्ट्रेहॉर्न बहुतेक वेळा न्यूयॉर्कमध्ये. मधला पूल टेलिफोनचा. 1965 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये झालेल्या धर्मसंगीताच्या मैफलीसाठी एलिंग्टनला बायबलच्या पहिल्या शब्दांवर, सहा अक्षरांसाठी सहा सुरांची एक चाल हवी होती. दोघांनी आपापल्या ठिकाणी ती स्वतंत्रपणे बांधली. दोन्ही चाली एकाच सुरावर सुरू होत होत्या, एकाच सुरावर संपत होत्या आणि सहांपैकी फक्त दोन सूर वेगळे होते, असं एलिंग्टनने सांगून ठेवलंय. किस्सा थोडा रंगवलेला असेलही. पण सत्तावीस वर्षांच्या संगतीनंतर असं होणं अशक्य नाही, आणि ही संगत आधी एका खोलीत पिकलेली होती, हे विसरून चालणार नाही.

एलिंग्टनच्या पाठीशी वाद्यवृंद होता, कंपन्या होत्या. स्वतंत्र कलाकाराचं दुखणं वेगळं. त्याला आधी तबकडी काढायची मुभा हवी आणि मग ती विकायची वाट. चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांनी 1952 मध्ये ‘डेब्यू’ नावाची स्वतःची कंपनी काढून पाहिली. पुढे साठच्या दशकात मिंगसने तबकड्या थेट टपालाने विकण्याचाही खटाटोप केला. दोन्ही उद्योग फार काळ चालले नाहीत. पैसा आणि वितरण ज्याच्या हातात, संगीत त्याच्या हातात, हे गणित पुढची कित्येक दशकं बदललं नाही. ते पहिल्यांदा ठसठशीतपणे बदललं 2004 मध्ये. मारिया श्नायडरने ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ हा अल्बम ‘आर्टिस्टशेअर’च्या माध्यमातून, श्रोत्यांकडून आगाऊ पैसे घेऊन बनवला आणि फक्त इंटरनेटवर विकला. दुकानात एकही प्रत न ठेवता त्याने पुढच्या वर्षी ग्रॅमी पटकावलं. 2008 मध्ये बँडकॅम्प सुरू झालं आणि हीच सोय घरच्या खोलीत मुद्रण करणाऱ्या कुणालाही मिळाली.

मुद्रणाची साधनं त्याआधीच स्वस्त झाली होती. 1979 मध्ये टास्कमचा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आला, 1992 मध्ये व्हिडिओ कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक मावणारं एडॅट आलं. कॅसेट पाकिटात घालून पाठवायची, समोरच्याने आपला भाग भरून परत पाठवायचा. सिएटल आणि लॉस एंजेलिसमधल्या दोघांनी असाच टेपांचा टपालव्यवहार करून केलेल्या बँडचं नावच ‘द पोस्टल सर्व्हिस’ होतं. तो काही जॅझ नव्हे, पण सिएटल-लॉस एंजेलिस ही वाट लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

इंटरनेट आल्यावर पाकिटाची गरज संपली आणि एक जुनं स्वप्न जागं झालं: फाइल पाठवायचीच कशाला, थेट एकत्रच वाजवू. इथे भौतिकशास्त्र आडवं आलं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे रंगमंचावर 4 मीटर अंतरावर उभ्या सॅक्सोफोनवाल्याचा सूर ड्रमरच्या कानी जवळजवळ 12 मिलिसेकंद उशिरा पडतो, आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. उलट तेवढा उशीर हवाच असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जोडीजोडीने टाळ्यांचा ठेका धरायला लावला आणि मधला उशीर कमीजास्त करून पाहिला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लय सर्वात स्थिर राहिली ती 11.5 मिलिसेकंदांच्या आसपास. त्याहून कमी उशीर असला तर माणसं नकळत पळू लागत, जास्त झाला तर रेंगाळत. पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे घट्ट ठेका धरणं मुश्कील होतं.

आता प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. सिएटल ते लॉस एंजेलिस सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरांच्या थोडं पुढे, म्हणजे कागदावर 8 मिलिसेकंद. मोनॅको ते मुंबई सुमारे 6,600 किलोमीटर, म्हणजे किमान 33. केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेतली यंत्रं आपापला वाटा घेतात, तो हिशेब वेगळाच. कितीही पैसा ओतला तरी मोनॅकोचा गिटारवाला आणि मुंबईचा ड्रमर एकाच क्षणी समेवर येणार नाहीत.

या कोंडीवर सगळ्यात चतुर तोड काढली विनॅम्पचा जनक जस्टिन फ्रँकल याने. 2005 मधल्या त्याच्या ‘निनजॅम’ने उशीर कमी करण्याऐवजी चक्क वाढवला: प्रत्येकाला इतरांचं वाजवणं पूर्ण एक आवर्तन मागून ऐकू येतं. समोरचा मागच्या आवर्तनात जे वाजवून गेला, त्यावर या आवर्तनात उत्तर द्यायचं. तोच तो स्वरसमूह पुन्हा पुन्हा येत राहिला तर हे झकास जमतं. मधेच वळण घेणारी, कडव्याला नवा रस्ता धरणारी स्वतंत्र रचना आली की मात्र पंचाईत. चेफ आणि हुआन-पाब्लो कासेरेस यांचं ‘जॅकट्रिप’ आणि जर्मनीतल्या फोल्कर फिशरचं ‘जॅम्युलस’ यांनी दुसरा, सरळ रस्ता धरला: उशीर शक्य तितका पिळून काढायचा आणि जवळपासच्या माणसांबरोबर वाजवायचं. पंधरा वर्षं ही सगळी हौशी तंत्रज्ञांची करमणूक राहिली.

मग मार्च 2020 आला. क्लब बंद, दौरे रद्द, आणि जॅझ कलावंताचं पोट तर दौऱ्यावरच. बँडकॅम्पने 20 मार्चला आपली दलाली सोडून दिली. त्या एका दिवसात श्रोत्यांनी सगळ्या प्रकारच्या संगीतावर मिळून 43 लाख डॉलर खर्च केले. ब्रुकलिनचा पियानोवादक डॅन टेपफर, खगोलभौतिकीचा पदवीधर आणि स्वतः प्रोग्रॅम लिहिणारा, जॅकट्रिप घेऊन बसला आणि इतर घरांतल्या वादकांबरोबर खरोखर एका वेळी, श्रोत्यांसमोर वाजवू लागला. कौतुकाचीच गोष्ट. तरी त्या काळातलं टिकाऊ काम या वाटेने आलं नाही. ते आलं ट्रिस्टानोच्या वाटेने.

गायक कर्ट एलिंगचंच बघा. 2021 च्या ‘सुपरब्लू’साठी गिटारवादक चार्ली हंटर, डीजे हॅरिसन आणि ड्रमर कोरी फॉनव्हिल यांनी व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये ठेक्याची भक्कम जमीन तयार केली, एलिंगने दुसरीकडे बसून तिच्यावर शब्द आणि गळा चढवला. ऐकताना सांधा कुठे दिसत नाही, आणि त्याचं कारण तंत्रापेक्षा परंपरेत आहे. एलिंग ज्या घराण्याचा, त्यातली मंडळी ध्वनिमुद्रित सोलोवर शब्द बसवून गाणारी. ॲनी रॉसने 1952 मध्ये वॉर्डेल ग्रेच्या सॅक्सोफोनच्या सोलोवर तसं गाणं रचलं. 1957 मध्ये लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस या तिघांनी आपलेच आवाज एकावर एक चढवून काउंट बेसीचा अख्खा वाद्यवृंद गळ्यातून उभा केला. गोठलेल्या सुराला जिवंत उत्तर देणं एलिंगच्या अंगवळणीच पडलेलं होतं. सॅक्सोफोनवादक बेन वेंडेलने 2023 च्या ‘ऑल वन’मध्ये आणखी वेगळं केलं: सॅक्सोफोन आणि बसूनचे थरावर थर चढवून स्वतःचाच वाद्यवृंद बांधला आणि सेसिल मॅक्लोरिन सॅलव्हंटपासून बिल फ्रिसेलपर्यंत सहा पाहुण्यांना एकेका रचनेत जागा करून दिली. दोन्ही अल्बम ‘एडिशन’ या कार्डिफमध्ये सुरू झालेल्या छोट्या स्वतंत्र कंपनीचे.

मुंबईचा संबंध येतो तो जॉन मॅक्लॉफलिनमुळे. मोनॅकोत अडकलेल्या या गिटारवादकाने 2020 मध्ये ‘लॉकडाउन ब्लूज’ काढलं तेव्हा मुंबईहून रणजित बारोट त्यात सामील होते. पण मोठं काम त्याच्या ‘शक्ती’ या गटाचं. झाकीर हुसेन कॅलिफोर्नियात, व्ही. सेल्वागणेश चेन्नईत, आणि ‘कट्यार काळजात घुसली’मुळे मराठी घराघरांत पोचलेले शंकर महादेवन मुंबईत. फाइलींची देवाणघेवाण करत ‘धिस मोमेंट’ उभा राहिला आणि जून 2023 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ‘ॲब्स्ट्रॅक्ट लॉजिक्स’ या स्वतंत्र कंपनीने तो काढला. 1977 च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’नंतर ‘शक्ती’ हे नाव घेऊन स्टुडिओत झालेला हा पहिलाच अल्बम. मॅक्लॉफलिन, महादेवन आणि झाकीरभाई यांचा 2020 चा ‘इज दॅट सो?’ही अनेक वर्षं रेंगाळत, थोडाथोडा करून झाला होता. तो सराव इथे कामी आला. एक मात्र म्हणावं लागेल. मृदंग, घटम, कंजिऱ्याच्या हिशेबात मुरलेल्या माणसांना क्लिकवर एकट्याने वाजवणं जितकं सोपं, तितकी त्यातली क्षणात पेटणारी सवालजवाबाची ठिणगी मुद्रणात कमी. बांधणी सुरेख, झटापट थोडी. ती झटापट 2023 च्या पन्नासाव्या वर्षाच्या दौऱ्यात रंगमंचावर ऐकायला मिळाली.

आणि सिएटल-लॉस एंजेलिस? ‘सेज’ या चौघी गायिकांपैकी सारा गझारेक आणि एरिन बेंटलिज लॉस एंजेलिसच्या, जॉने केंड्रिक आणि अमांडा टेलर सिएटलच्या. विज्ञानाच्या हिशेबाने थेट तारेवरून एकत्र गाणं ज्यांना परवडलं असतं, अशा या चौघी. पण ‘डेझर्ट साँग’ ही त्यांची पहिली स्वतंत्र रचना त्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एकत्र राहून बांधली. पाठीशी कुठलीही कंपनी नसताना 2021 मध्ये मांडणीच्या गटात तिला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. त्या वर्षीचं पारितोषिक मात्र लंडनमध्ये आपल्या घरातल्या खोलीत अख्खी गाणी उभी करणाऱ्या जेकब कॉलियरने नेलं. चौघींनी पुढे आपला अल्बम स्वतःच काढला आणि त्यातल्या एका जुन्या गाण्यासाठी पाहुणा बोलावला तो कॉलियरलाच. फेब्रुवारी 2024 मध्ये त्या गाण्याच्या मांडणीला ग्रॅमी मिळालं, पाच जणांच्या नावावर.