ताप अंगावर काढू देऊ नका!

शेतकरी बंधूंनो, ‘मालक’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एखादा कारखानदार उभा राहतो. पण आर्द्रा सरत आल्या की कोकणात तुमच्याच कुणग्यात बाया वाकून तरवा लावत असतात, गडी चिखलणी करत असतात. त्यांना बोलावता तुम्ही, मजुरी देता तुम्ही. मग मालक कोण? पैऱ्याने लावणी होत असेल तर आज तुम्ही, उद्या शेजारी. तेव्हा लावणीच्या दिवसांत लेप्टोची साथ आली, तर माणसांची काळजी कोणी घ्यायची, हे वेगळे सांगायला नको.

लेप्टोस्पायरोसिस हा मुळात कामाच्या जागेचा रोग. १९१५ साली जपानमध्ये त्याचा जंतू सापडला तो कोळशाच्या खाणीतल्या कामगारांच्या आजारातून. आपल्याकडे २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे नाव घरोघरी पोचले. पण शेताच्या चिखलात तो दरवर्षीचाच पाहुणा. उंदीर, घुशी, गुरे, कुत्री, डुकरे यांच्या मुतातून जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून किंवा डोळ्या-तोंडावाटे माणसाच्या अंगात शिरतो. साधारण एक-दोन आठवड्यांनी ताप भरतो. म्हणजे लावणी आटोपून मजूर दुसऱ्याच्या शेतावर गेलेला असतो आणि दुखणे मात्र तुमच्या शेतातले असते!

मग तयारी कधी करायची? लावणीच्या आधी. बांधावरचे गवत काढा, उंदरांची बिळे मोडा. हे काम सगळ्या वाडीने एकाच वेळी केले पाहिजे. नाहीतर तुमचे उंदीर शेजाऱ्याकडे आणि शेजाऱ्याचे तुमच्याकडे. गोठ्याचे पाणी शेतात सोडू नका. बांध घालताना, चर काढताना, गोठा साफ करताना गमबूट द्या. खोल चिखलात बूट रुततात, लावणीला ते घालवत नाहीत, हे खरेच. म्हणून कामाला लागण्यापूर्वी प्रत्येकाचे हातपाय बघा. जखम असेल तर पाणी आत जाणार नाही अशी पट्टी बांधा आणि त्या माणसाला चिखलाबाहेरचे काम द्या. प्यायला वहाळाचे पाणी नको, घरचे उकळलेले द्या. संध्याकाळी हातपाय धुवायला साबण आणि स्वच्छ पाणी ठेवा. खर्च तो किती?

डॉक्सिसायक्लिनची गोळी साथीच्या भागात आठवड्यातून एकदा देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आपल्या मजुरांची नावे आशाताईंना द्या. पण मालकाने स्वतःच्या मनाने गोळ्या वाटू नयेत. गरोदर बायांना आणि लहान मुलांना ती चालत नाही. शिवाय गोळी घेतली म्हणजे भीती संपली, असेही नाही.

आता मुख्य गोष्ट. लावणीचे दिवस मोजके, त्यातच मजुरीचे चार पैसे हाती येतात. एक खाडा झाला की मजुरी बुडते. म्हणून ताप आला तरी मजूर सांगत नाही. एखादी गोळी घेतो, ताप अंगावर काढतो आणि चिखलात उतरतो. लेप्टो फसवाही आहे. काही वेळा ताप उतरतो, बरे वाटते आणि मग पुन्हा उलटतो. डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते. मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस यांवर घाला पडला की जीवावर बेतते. सुरुवातीच्या दिवसांत साध्या औषधांनी आटोक्यात येणारा रोग केवळ उशिरामुळे माणूस नेतो.

म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा : “ताप आला, डोके दुखले, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर लपवू नका. दवाखान्यात जा, त्या दिवसाची मजुरी मी कापणार नाही.” आणि बोलल्याप्रमाणे वागा. हा एक शब्द गमबुटापेक्षा जास्त जीव वाचवील. डॉक्टरांना ‘लावणीला चिखलात होतो’ हे आवर्जून सांगायला सांगा. मजुरांचे फोन नंबर लिहून ठेवा आणि लावणी संपल्यावरही महिनाभर विचारपूस करा.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनो, तुमचाही वाटा आहेच. वाडीवार उंदीर मोहिमेचा एक दिवस ठरवा. रात्री-अपरात्री रुग्ण न्यायला कोणाची गाडी निघेल, ते आधीच ठरवून फलकावर लिहा. एका वाडीत तापाचे दोन-चार रुग्ण दिसले की आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. बाहेरगावचे मजूर आले असतील तर त्यांचीही नोंद ठेवा. साथ रेशनकार्ड बघून येत नाही.

भात पुढच्या वर्षीही पिकेल. लावणाऱ्या हातांचे तसे नाही. यंदा तरवा काढण्याआधी एवढे कराच!