टँकरच्या पाठीवरचे चार आकडे

पुणे-नाशिक रस्त्याजवळच्या आळे गावात रेल्वे नाही. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी झाली, गावोगाव जमिनींच्या मोजण्या झाल्या आणि खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून ती अडली. त्यामुळे मालगाडीतल्या घातक रसायनांची माहिती अग्निशमन दलाला वेळेत कशी मिळावी, ही जगभर चाललेली चर्चा इथल्या माणसाला परक्या गावची वाटते. त्या वाटण्यापासूनच सुरुवात करू.

‘आपल्याकडं गाडीच नाही, मग धोका कसला?’

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन राष्ट्रीय महामार्ग, ६० आणि ६१ क्रमांकाचे, आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. माळशेज चढून आलेला टँकर आणि चाकणकडून नाशिकला निघालेला टँकर, दोन्ही इथूनच जातात. स्वयंपाकाचा गॅस, डिझेल, आम्ल, अमोनिया, इथेनॉल असं जे एरवी वाघिणीत भरलं जातं, तेच इथं डांबरावरून जातं. मालगाडी निदान स्वतःच्या रुळावर, वस्तीपासून जरा अंतर राखून धावते. टँकर मात्र कांद्याच्या ट्रॅक्टरमागं आणि एसटीच्या पुढं उभा असतो.

‘आत काय आहे ते ड्रायव्हरला आणि कंपनीलाच ठाऊक’

हा सगळ्यात पक्का गैरसमज. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १३४ सांगतो, की घातक माल नेणाऱ्या वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागं, अशी तीन ठिकाणी आपत्कालीन माहितीची पाटी असलीच पाहिजे. तिच्यावर पदार्थाचं नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, धोक्याच्या वर्गाचा आकडा किमान १०० मिलिमीटर उंच, २५० मिलिमीटरचं चौकोनी चिन्ह, आणीबाणीत फोन करायचा नंबर आणि माल पाठवणाऱ्याचा किंवा जाणकाराचा नंबर. रस्त्याच्या कडेला उभं राहून वाचता यावं, हाच या मापांचा हेतू.

चिन्ह बहुधा टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाचं असतं. लाल म्हणजे पेटणारं, कवटी म्हणजे विषारी, हातावर आणि धातूवर थेंब पडताना दाखवले असतील तर गंजवणारं, भाजणारं. शिवाय टँकरवर चार आकड्यांचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक रंगवलेला दिसतो. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. पाटी इंग्रजीत असली म्हणून अडत नाही, आकडे कुणालाही सांगता येतात. आणि ते वाचायला टँकरजवळ जायचं नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब उभं राहून मोबाइलचा कॅमेरा मोठा करायचा आणि फोटो काढायचा.

पाटी जळून गेली किंवा टँकर त्याच कुशीवर पडला, तर दुसरी सोय चालकाच्या केबिनमध्ये आहे. तिथं ‘ट्रेम कार्ड’ ठेवणं नियम १३३ प्रमाणे बंधनकारक आहे. गळती झाली, आग लागली, कुणाच्या अंगावर उडालं तर काय करायचं, हे त्यावर लिहिलेलं असतं. असा माल नेणाऱ्या चालकाला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागतं आणि एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजीही लिहिता-वाचता यावी लागते. अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणं हेही त्याचंच काम.

प्रत्यक्षात होतं काय? टँकर उलटला की जमाव चालकाला शोधतो, तो सलामतीसाठी उसाच्या फडात पळतो, आणि आत काय आहे, कोणती झडप कुठं आहे हे जाणणारा एकुलता एक माणूस नाहीसा होतो. चालकाचा दोष असेल-नसेल, ते नंतर पोलीस बघतील. पहिल्या दहा मिनिटांत त्याच्याइतका उपयोगी साक्षीदार नाही. त्याला चहा पाजा, पण मारू नका.

‘आग आहे, तर पाणी मारा’

१३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ, कुणे पुलावर टँकर उलटून पेटला. जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं आणि चार जणांचा जीव गेला. पहिल्या बातम्यांत तो ‘ऑइल टँकर’ होता. आत होतं मिथेनॉल. हा फरक केवळ बातमीदारीचा नाही. तेलाच्या आगीवरचा साधा फेस अल्कोहोलच्या आगीवर फुटून जातो, तिथं वेगळा फेस लागतो. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी, भर उन्हात दिसेल न दिसेल अशी. पेट्रोलवर नुसता पाण्याचा फवारा मारला तर ते पाण्यावर तरंगत गटारातून पुढच्या दुकानापर्यंत जातं. सल्फ्युरिक आम्लात पाणी पडलं तर ते उसळून अंगावर येतं. म्हणून बंब निघण्याआधीच नियंत्रण कक्षाला नाव किंवा आकडा कळायला हवा. बंब पोचल्यावर कळून अर्धा उपयोग.

‘गॅस असेल तर वास येईलच’

घरच्या सिलिंडरला येतो, कारण त्यात मुद्दाम वास मिसळतात. अतिथंड द्रवरूपात जाणाऱ्या नैसर्गिक वायूला तो नसतो. एलपीजी हवेहून जड, त्यामुळे तो वर न जाता ओढ्यात, चारीत, विहिरीत उतरतो. जयपूरजवळ भांकरोट्याला २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली, गॅस रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. आसपासची कितीतरी वाहनं त्यात सापडली.

रिकामा टँकरही तितकाच धोक्याचा. द्रव उतरवला तरी वाफ आत राहते.

‘सांडलेलं भरून घेतलं तर बिघडलं कुठं?’

पाकिस्तानात बहावलपूरजवळ जून २०१७ मध्ये उलटलेल्या टँकरचं पेट्रोल भांड्यांत भरून नेणारे दोनशेहून अधिक लोक जळाले. याहून जास्त लिहायची गरज नाही.

‘अग्निशमन दलाला सगळं कळतंच’

आपोआप कळत नाही, आणि हे श्रीमंत देशांतही खरं आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ईस्ट पॅलेस्टाइन गावी ३ फेब्रुवारी २०२३ ला मालगाडीचे ३८ डबे घसरले, त्यांतल्या ११ डब्यांत घातक माल होता. डब्यांवरच्या प्लास्टिकच्या पाट्या आगीत वितळल्या आणि कोणत्या डब्यात काय आहे ही यादी जवानांपर्यंत उशिरा पोचली. चौकशीत त्या उशिरावर ठपका आला. जून २०२४ मध्ये तिथं नियम झाला, की ही यादी रेल्वे कंपनीनं इलेक्ट्रॉनिक रूपात तयार ठेवायची आणि अपघात झाला की लगेच आपत्कालीन यंत्रणांना कळवायची. आपल्याकडंही १३ जुलै २०२५ ला तमिळनाडूत तिरुवळ्ळूरजवळ डिझेलची मालगाडी पेटली. इथून रेल्वे न्यायचा विषय पुन्हा निघाला, तर जमिनीच्या मोबदल्याबरोबर मालाच्या यादीचा प्रश्नही ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

आज मात्र आळेफाट्यावर ती यादी पोचवणारा माणूस म्हणजे चौकातला पहिला बघ्या. ११२ वर त्यानं इतकं बोलावं: ‘आळेफाट्यापासून ओतूरच्या दिशेला, पेट्रोल पंपाजवळ टँकर आडवा. मागं लाल चौकोन, आकडा १०७५. पांढरं धुकं निघतंय, आग नाही. चालक शुद्धीवर आहे.’ ‘मोठा ॲक्सिडेंट झालाय, लवकर या’ यातून कुठला बंब काढायचा ते कळत नाही. शेजारच्या वाड्यांना सावध करायला ग्रामसुरक्षा यंत्रणेचा एकाच वेळी सगळ्यांना जाणारा फोन आहे. बिबट्या आणि चोरांसाठी वापरतात तोच.

गॅसचा टँकर पेटलाच, तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे चारही बाजूंनी १६०० मीटर मोकळं करावं लागतं. चौकात घडलं तर त्या वर्तुळात सगळी बाजारपेठ येते. तेव्हा वाहनं चौकात येऊन थांबवण्यात अर्थ नाही. ती नारायणगाव, बोटा, ओतूर आणि बेल्हे या चारही बाजूंना, लांबच अडवावी लागतील.